दहिसर नदीवरच्या चिंबोऱ्या

मुंबईत नद्या आहेत, हे मी घाटकोपरच्या शाळेत गेली बारा वर्षं पाचवीच्या मुलांना शिकवत आलोय. फळ्यावर खडूने चार वाकड्या रेघा ओढायच्या, त्यांना नावं द्यायची, तास संपला. गेल्या वर्षी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही बघितलीय का ह्यातली कुठली?" मी म्हटलं, "पुढचं पान काढा."

ते मनाला लागून राहिलं होतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत दहिसर नदी उगमापासून मुखापर्यंत चालायची ठरवली. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात तुळशी तलावाच्या खाली ती निघते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. एवढीशी नदी. चालणारा माणूस सकाळी निघाला तर दुपारच्या जेवणाला खाडीवर पोचेल. आम्हाला मात्र घाई नव्हती. थांबत, बघत, लोकांशी बोलत जायचं होतं.

'आम्हाला' म्हणजे मला आणि परबकाकांना. परबकाका आमच्या चाळीत तळमजल्यावर राहतात, मूळचे मालवणकडचे. पंचवीस वर्षं परळच्या गिरणीत मागावर होते. संपानंतर ती नोकरी गेली ती गेलीच. आता भांडुपला एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन आहेत. मी नदीचं बोललो तेव्हा ते म्हणाले, "मास्तरानू, माका घेवन चला. आमच्या व्हाळात माशे पकडल्याक तीस वर्सां झाली." त्यांना तीन दिवस रजा मिळाली. म्हणून प्रवासही तीन दिवसांचा.

जंगल

पहिला दिवस आठवला की अजून बरं वाटतं, म्हणून तो आधी सांगतो.

पावसाळा नुकताच संपला होता. नदी म्हणजे गुडघाभर पाण्याचा ओढा, पण पाणी असं नितळ की तळाची वाळू मोजून घ्यावी. आम्ही चपला काढून पाण्यात पाय सोडले तर बोटाएवढे मासे येऊन टाचांना टोचायला लागले. परबकाका लहान पोरासारखे हसत होते. दगड उचलून त्यांनी दोन खेकडे धरले, मला दाखवले आणि सोडून दिले. "हंयसर कोण खाता ह्यांका! जगांदेत."

दुपारी एका पाड्यावर थांबलो. लक्ष्मण नावाचा वारली गडी भेटला. त्याच्या बायकोने नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी दिली, सोबत कढईत परतलेले छोटे मासे. मी विचारलं, एवढे बारीक मासे पकडता कसे? लक्ष्मणने आधी बाहेर डोकावून बघितलं. मग म्हणाला, "गार्डाला सांगू नको हां." त्यांच्याकडे गेळ म्हणून एक रानफळ असतं. एखाद्या डबक्याचं पाणी दगडांनी अडवायचं, त्यात हे फळ ठेचून टाकायचं. माशांना गुंगी येते, ते वर येतात. लागतील तेवढे उचलायचे आणि दगड काढून टाकायचे.

"आणि बाकीचे?"

"ते परत उठतात ना. नवीन पाणी आलं की पळतात." त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "सगळे मारले तर उद्या काय खाणार?"

हे मी वहीत लिहून घेतलं. मुलांना सांगायला छान, असं मनात म्हटलं. संध्याकाळी जंगलाबाहेर पडून बोरिवलीत परबकाकांच्या बहिणीकडे मुक्काम केला. त्यांनी दिवाळीच्या उरलेल्या चकल्या पुढे केल्या, आणि "नदी बघूक सुट्टी घेतलास? आमच्या घरामागून जाता ती. आमी खिडकी बंद ठेवतंव," असं म्हणून पोट धरधरून हसल्या.

वाड्या

हायवे ओलांडला की नदीचा रंग बदलतो. आधी इमारतींची सांडपाण्याची गटारं येतात, मग झोपड्या, मग गुरांचे तबेले. पण रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे-पलीकडे अजून मोकळी जमीन आहे आणि तिथे भाजीच्या वाड्या आहेत. भेंडी, वांगी, मुळा, माठ, पालक. मुंबईत इतकी हिरवी शेतं आहेत हे मला ठाऊक नव्हतं. आपण स्टेशनबाहेर जी जुडी घेतो ती नाशिकहून येते असंच धरून चाललो होतो.

बाळाराम म्हात्रे तिथे भेटले. पन्नाशीचा काटक माणूस, डोक्याला टॉवेल, तोंडात तंबाखू. आम्ही बांधावरून चाललो होतो तर त्यांनीच हाक मारली, "काय हो, पालिकेचे काय?" नाही म्हटल्यावर जीव भांड्यात पडल्यासारखे हसले. मी नदी बघत चाललोय कळल्यावर तर त्यांनी सोडलंच नाही. "नदी बघायची तर आमच्याकडं बसून बघा. माजा बाप हिच्यात पोहायचा. पोहायला मी पण शिकलो तो हिच्यातच."

दिवसभर आम्ही त्यांच्या वाडीत होतो. परबकाकांनी विहिरीच्या रहाटाची दोरी बांधून दिली. मी भेंडी तोडायला बसलो आणि तासाभरात हाताला अशी खाज सुटली की म्हात्र्यांच्या बायकोने, सुमनवहिनींनी, हातांना खोबरेल चोळायला दिलं. दुपारी तांदळाची भाकरी, सुकट घातलेलं वांगं आणि कांदा. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या, तरी वहिनींनी तिसरी ताटात टाकलीच. "खा हो. घाटकोपरला काय मिळतं असलं?"

चार वाजता म्हात्र्यांनी पाठीवरचा पंप काढला. पत्र्याच्या डब्यातलं औषध पाण्यात ओतलं, काठीने ढवळलं आणि वांग्यांवर फवारायला लागले. वारा आमच्याकडे होता.

तो वास आला आणि मी उठून उभा राहिलो.

माझं लहानपण वऱ्हाडात गेलं. आम्हाला जमीन नव्हती. बाबा दुसऱ्यांच्या कपाशीवर फवारणीला जायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या अंगाला, धोतराला, हातातल्या शिदोरीच्या फडक्यालाही हाच वास असायचा. उग्र, तेलकट, जरा लसणासारखा. आई त्यांना आधी विहिरीवर पाठवायची, मग घरात घ्यायची. एकदा बाबांनी पंप नाल्यात धुतला. दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला नाल्यातले मासे पोटं वर करून तरंगत होते आणि आमची शेळी ते पाणी पिऊन मेली. शेळी आमचीच होती, म्हणून गावात बोभाटा झाला नाही. पण त्यानंतर बाबांनी फवारणीच्या प्रत्येक शेतात, पाण्यापासून लांब, एक खड्डा खणला. पंपाचं धुणं त्या खड्ड्यात. मलाही सांगून ठेवलं होतं, "नाल्यात नोको धू रे बाप्पा. कदीच नोको धू."

परबकाकांनी नाक मुरडलं. "मास्तरानू, वास कसलो ह्यो?"

"औषधाचा," मी म्हटलं.

फवारणी आटोपली तेव्हा पंपात बरंच उरलं होतं. म्हात्रे नदीच्या काठाशी गेले, दगडावर बसले, पंप उलटा केला. उरलेलं पाण्यात गेलं. दुधासारखा पांढरा पट्टा उमटला आणि हळूहळू खाली सरकत गेला. मग त्यांनी पंप धुतला, डबा विसळला, हातपाय धुतले, चूळ भरली.

मी पाच पावलांवर उभा होतो. वाक्य तोंडात तयार होतं. पण ह्या माणसाच्या घरचं मी जेवलो होतो. आजची झोपही त्याच्याच पडवीत होती. तो जन्मापासून ह्या नदीवर, आणि मी कालचा आलेला मास्तर. त्याला काय शिकवणार? शिवाय त्याच संध्याकाळी वरच्या-खालच्या दोन-तीन वाड्यांवरही पंप चाललेले दिसत होते. एकाला सांगून काय होणार? अशी सगळी कारणं एका मिनिटात सुचली. चांगली कारणं होती. मी गप्प राहिलो.

उलट विचारलं काय, तर, "फवारलं नाही तर काय होतं?"

म्हात्रे टॉवेलने तोंड पुसत म्हणाले, "काय होतं? वांग्यात आळी होते. तुमची बायको आळीवालं वांगं घेते काय?"

घेत नाही. माझी बायको एकेक वांगं उलटंपालटं करून, भोक दिसलं की परत टाकते. मी तसं सांगितलं आणि आम्ही तिघेही हसलो.

दहिसर

सकाळी चहा पिऊन निघालो. रुळांखालून पुढे गेलो आणि अर्ध्या तासाच्या आत पहिला मासा दिसला. पाण्यावर तोंड काढून गोल गोल फिरत होता, दारू प्यालेल्या माणसासारखा. मग दुसरा. मग वळणावर आलो, तर पाणी दिसेना. नदीवर मासे पसरले होते. बोईट, खरबे, शिंगट्या, पोटं वर. खेकडे पाणी सोडून चिखलावर चढले होते आणि तिथेच पाय आखडून पडले होते. झिंगे काठाला फेसासारखे साचले होते.

परबकाका खाली बसले आणि एक शिंगटी हातात घेतली. तिचे कल्ले अजून हलत होते.

काठावर मात्र जत्रा होती. झोपड्यांमधली माणसं बादल्या, पातेली, घमेली घेऊन आली होती. कुणी साडीच्या पदरात मासे भरत होतं. सगळे खुशीत. आणि पाण्याच्या मधोमध एक साठीची बाई, साडी वर खोचलेली, मोठमोठ्याने ओरडत होती, "टाका ते! अरं टाका! त्यांना काय झालाय ते ठाव हाय काय तुमाला?"

ती चांगुणाबाई. खालच्या कोळीवाड्यातली. चाळीस वर्षं खाडीच्या चिखलात हाताने चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, आणि चिखलात उड्या मारणारे निवट्या मासे धरून दहिसरच्या बाजारात विकते, असं नंतर कळलं. तिने एका बाईच्या हातातलं पातेलं हिसकून पाण्यात उलटं केलं. ती बाई चिडली.

मी काठावरून ओरडलो, "त्या सांगतात ते खरं आहे. ह्यात फवारणीचं औषध आहे. विष आहे. मला वास माहीत आहे."

पातेलेवाली माझ्याकडे वळली. तरुण होती, कडेवर मूल. "साहेब, बाजारातला मासा पण मेलेलाच असतो ना?"

"तो असा मेलेला नसतो."

"मग तुम्ही द्या जिवंत विकत घेऊन."

लोक हसले. दोन-तीन बायकांनी मासे टाकले, बाकीच्यांनी भरून नेले. काही टोपल्या तर सरळ बाजाराच्या दिशेने गेल्या.

चांगुणाबाई पाण्यातून बाहेर आली आणि काठावर मटकन बसली. वाटलं, थकली असेल. मी जवळ गेलो, मागून परबकाकांनी "मास्तरानू" म्हणून हाक मारली, तर ती माझ्याकडे न बघता विचारते, "मास्तर, चिंबोरीला पण लागतो काय तो? औषद?"

"लागतं. मासा मरतो तशी तीही मरते."

"आणि खाल्ली तर?"

मी म्हटलं, मला नक्की माहीत नाही, पण खाऊ नये.

मग तिने सांगितलं. पहाटे ओहोटीला ती नेहमीसारखी चिखलात उतरली होती. रोज बिळात कोपरापर्यंत हात घालावा लागतो, चिंबोरी नांगीने बोट फोडते. आज हात घालावाच लागला नाही. चिंबोऱ्या आपणच बाहेर येऊन बसल्या होत्या, सुस्त, नांगीही उचलत नव्हत्या. "मना वाटला, देवानं दिल्या. टोपली भरली. बाजारात आठ वाजंपरत सगल्या खपल्या." ती हातांकडे बघत होती. "सात जणींना दिल्या. त्यातल्या सा जणी कोण, कुटल्या, मना ठाव नाय. एक ठाव हाय."

ती एक म्हणजे रोजचं गिऱ्हाईक, स्टेशनजवळच्या बिल्डिंगमधल्या बाई. त्यांची मुलगी बाळंतपणाला आली होती. अंगात ताकद यावी म्हणून तिला चिंबोऱ्यांचं कढण द्यायचं होतं.

आम्ही तिघे निघालो. चांगुणाबाई अनवाणी, चिखलाने माखलेली, आमच्या पुढे धावत होती. परबकाकांना दम लागत होता तरी ते थांबेनात. बिल्डिंगच्या जिन्यात एका पोरसवदा भाडेकरूने "ए मावशी, लिफ्टमध्ये नको हां" म्हटलं. आम्ही जिन्याने दुसऱ्या मजल्यावर गेलो.

दार बाईंनी उघडलं. मसाल्याचा वास बाहेर आला.

"चिंबोऱ्या खाल्ल्या काय?" चांगुणाबाईने धापा टाकत विचारलं.

"आत्ताच दिलं तिला वाटीभर. का गं? झकास होत्या."

चांगुणाबाईने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. नदीतले मासे, औषध, सुस्त चिंबोऱ्या, सगळं. बाई ऐकत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग जात होता. आत तान्हं मूल रडायला लागलं. "आणि तू मला आता सांगतेस? माझी मुलगी अंगावर पाजतेय!" त्या किंचाळल्या. शेजारची दारं उघडली. मी मधे पडून म्हटलं, "ताई, डॉक्टरांकडे नेऊ या, मी रिक्षा आणतो." त्या म्हणाल्या, "तुम्ही कोण?" मी रिक्षा आणायला खाली धावलो.

दवाखान्यात नेलं. मुलीला दुपारी उलट्या झाल्या, संध्याकाळपर्यंत थांबल्या. विषाने झाल्या की भीतीने, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. बाळ ठीक होतं. एवढं एक चांगलं घडलं, ते इथे नोंदवतो.

बाकीच्या सहा जणींचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. कळणारही नाही.

दुपारी एका सरकारी कचेरीत गेलो. परबकाकांनी नदीवरून उचललेले चार मेलेले मासे पिशवीत नेले होते. टेबलामागच्या गृहस्थांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, "मासे मेले म्हणता की पाणी खराब म्हणता की औषध म्हणता? तिन्हींची खाती वेगळी आहेत." मी अर्ज लिहून दिला. नमुना सीलबंद बाटलीत हवा होता, तो पिशवीत होता, म्हणून तो घेतला नाही. बाहेर आल्यावर परबकाकांनी पिशवी कचराकुंडीत टाकली. लगेच एक मांजर आलं. ते धावले, पिशवी परत काढली आणि रस्त्याकडेला विटेच्या तुकड्याने खड्डा उकरून मासे पुरले. तेवढ्यासाठी आम्हाला पाऊण तास लागला.

मग ते म्हणाले, "आता वाडीर जावक होया."

मला जायचं नव्हतं. मी गेलो.

म्हात्रे बांधावर बसून मुळ्याच्या जुड्या बांधत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. बाबांचा नाला, शेळी, खड्डा. मग आजचे मासे, बाळंतीण. हेही सांगितलं की त्यांचाच पंप होता असं मी शपथेवर म्हणू शकत नाही, काल कित्येक पंप नदीत धुतले गेले असतील. ते चिडतील, हुसकून लावतील, अशी माझी तयारी होती. खरं सांगायचं तर मला ते हवंही होतं.

ते चिडले नाहीत. हातातली जुडी खाली ठेवली.

"औषध देणाऱ्यानं आमाला कवा सांगितलं नाय," ते म्हणाले. "डब्यावर लिवलंय ते इंग्रजीत." मग माझ्याकडे वळले. "पण मास्तर, तुम्हाला काल ठाव होतं. तुम्ही हितंच उभे होते. खड्डा खणायला मना किती वेळ लागला असता?"

सुमनवहिनी दारात उभ्या होत्या. आज त्यांनी बसा म्हटलं नाही.

मुख

त्या दिवशी आम्ही खाडीपर्यंत पोचलोच नाही. महिन्याभराने एका रविवारी मी एकटाच परत गेलो. पाणी काळपट होतं, मासा एकही दिसला नाही. म्हात्र्यांच्या वाडीत नदीपासून लांब, शेवग्याखाली, खड्डा खणलेला होता. शेजारच्या वाडीत एक माणूस काठावर बसून पंप धूत होता. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं, बरं," आणि धुणं पुरं केलं.

कोळीवाड्यात चांगुणाबाई घरीच होती. मला वाटलं होतं बाजारात असेल. ती म्हणाली, बाजारात तिच्याकडून आता कुणी घेत नाही. त्या बिल्डिंगमधून गोष्ट पसरली. चांगुणाची चिंबोरी विषारी, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. त्या दिवशी नदीतून मासे भरून नेऊन विकणाऱ्या बायका तिथेच बसतात, त्यांची टोपली दहा वाजेपर्यंत रिकामी होते. ती आता दुसऱ्यांची सुकी मासळी निवडायला जाते, बोलावतील तेव्हा.

मी मुख बघायला आलोय म्हटल्यावर ती सोबत निघाली. तिवरांमधून वाट काढत तिने मला अगदी टोकाला नेलं. नदी तिथे रुंद होते, खाडीत मिसळते, आणि पलीकडे गोराई-मनोरीकडचे माड दिसतात. ऊन होतं. दुरून बघणाऱ्याला फार सुंदर दिसलं असतं. ती वाकून एकेक बीळ बघत होती. "हे रिकामा. हे पन. पयले ह्या टायमाला निवट्या निस्त्या उड्या मारत असायच्या."

तेव्हा मी तिला सांगितलं. आदल्या संध्याकाळी मी पंप धुताना बघितला होता, मला वास ओळखीचा होता, मला परिणाम ठाऊक होता, आणि मी बोललो नाही. मी म्हटलं, "मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर कदाचित ह्यातलं काही झालं नसतं."

ती चिखलात उभी राहून ऐकत होती.

"नाय बोललास तो बरा केलास, मास्तर," ती म्हणाली. "मी बोलले ना, त्या बाईच्या दारात."

आणि भरती लागायच्या आत परत फिरायला हवं म्हणून ती पुढे चालायला लागली.